कंत्राटी काम : नोकरी कोणती, ठेका कोणता?

(पंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



शासकीय कार्यालय असो, ग्रामपंचायत असो की शिक्षणसंस्था असो, आज तिच्या दप्तरात एक शब्द पदोपदी आढळतो. तो शब्द म्हणजे 'मानधन'. शब्द गोड आहे. त्यात मान आहे आणि धनही आहे. परंतु ज्याला मानधन मिळते तो माणूस कायद्याच्या दृष्टीने कोण, नोकर की मजूर, ठेकेदार की सल्लागार, हे त्या शब्दावरून कळत नाही. आणि ते ठरविल्यावाचून त्याच्या देयकातून कर किती कापावयाचा, भविष्य निर्वाह निधीत त्याचे नाव घालावयाचे की नाही, कामावर असताना त्यास अपघात झाला तर भरपाईचा भार कोणी उचलावयाचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. व्यवहारात मात्र प्रमाणकावर सही होते, रक्कम अदा होते आणि प्रश्न पुढे ढकलला जातो. तो पुन्हा उभा राहतो तो लेखापरीक्षणाच्या आक्षेपात, नाही तर एखाद्या विधवेच्या अर्जात.

आज याच विषयाची थोडी उकल आपल्यापुढे करावी असा माझा मानस आहे. विषय कायद्याचा असला तरी वकिलांसाठी राखून ठेवण्यासारखा तो नाही. कारण निर्णय प्रथम घेतला जातो तो आपल्या टेबलावर, न्यायालयात नव्हे.

सेवेचा करार आणि कामाचा करार

मूळ भेद साधा आहे. एखादा मनुष्य आपली सेवा देतो तेव्हा तो सेवेचा करार होतो आणि तो नोकर ठरतो. एखादा मनुष्य ठरलेले काम पुरे करून देण्याचे पत्करतो तेव्हा तो कामाचा करार होतो आणि तो ठेकेदार किंवा स्वतंत्र व्यावसायिक ठरतो. घरी ठेवलेला स्वयंपाकी आणि लग्नाच्या पंगतीचा मक्ता घेणारा आचारी यांत जो फरक आहे तोच हा. अडचण येते ती या दोन टोकांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसांची, आणि आपल्याकडील बहुतेक कंत्राटी माणसे नेमकी तेथेच उभी आहेत.

न्यायालयांनी ही अडचण कशी सोडविली हे पाहणे उद्बोधक आहे. कच्छच्या रणाकाठच्या मिठागरांत काम करणाऱ्या आगरियांना मिठाच्या मणामागे पैसे मिळत, कामाच्या वेळा त्यांच्या त्यांनी ठरवावयाच्या आणि मदतीला स्वतःची माणसेही घ्यावयाची, अशी पद्धत होती. ते कामगार की ठेकेदार, हा प्रश्न धरणगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९५६ साली न्यायालयाने त्यांना कामगार ठरविले. काय काम करावयाचे एवढेच नव्हे, तर ते कसे करावयाचे हे सांगण्याचा अधिकार मालकाकडे आहे काय, ही कसोटी न्यायालयाने लावली. मोबदला नगावर दिला किंवा मदतनीस ज्याचा त्याने आणला, एवढ्याने नोकरीचे नाते तुटत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

आपल्या महाराष्ट्रातील विडी कामगारांचा अनुभव याहूनही बोलका आहे. नागपूरच्या एका विडी कारखान्यातील कामगारांनी भरपगारी रजेचा हक्क मागितला. ते कारखान्यात बसून विड्या वळीत, पैसे नगावर घेत आणि कामाच्या वेळात केव्हाही येत-जात. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार म्हटले, कारण काम कारखान्यातच करण्याचे बंधन त्यांच्यावर होते आणि प्रतीस न उतरलेल्या विड्या नाकारण्याचा अधिकार व्यवस्थापनाला होता. पुढच्याच वर्षी, १९६१ साली, शंकर बालाजी वाजे यांच्या खटल्यात दुसऱ्या एका विडीवाल्याचा प्रश्न आला. तो यावे तेव्हा येई, जावे तेव्हा जाई आणि विड्या किती वळाव्या याचे बंधन त्याच्यावर नव्हते. न्यायालयाने बहुमताने तो कामगार नाही असे ठरविले. दोन्ही माणसे एकच पान, एकच तंबाखू आणि एकच धागा वापरीत होती. एकाला रजा मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही.

ही विसंगती न्यायालयाच्या पातळीवर मिटण्यासारखी नव्हती. ती संसदेने मिटविली. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणारी स्त्रीसुद्धा कामगाराच्या व्याख्येत आणली, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. माणूस नोकर आहे की नाही हे केवळ त्याच्या कामाच्या स्वरूपावरून ठरत नाही. कोणत्या कायद्याखाली प्रश्न विचारला जात आहे यावरही ते अवलंबून असते. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

नियंत्रणाची कसोटी पुढे एकटी राहिली नाही. शिंप्यांच्या दुकानाचा १९७३ चा खटला (सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस) पाहिला म्हणजे शिलाईयंत्र कोणाचे, जागा कोणाची आणि बिघडलेले काम परत उसवून द्यावयास लावण्याचा अधिकार कोणाला, हेही न्यायालय पाहू लागल्याचे दिसते. १९७८ साली कालिकतच्या एका दोरखंड कारखान्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मधला ठेकेदार हा केवळ पडदा असेल तर तो बाजूला सारून पलीकडचा खरा मालक शोधला पाहिजे असा दंडक घातला. कोणाच्या पैशावर कामगाराची चूल पेटते हे पाहावे, असा त्याचा मथितार्थ आहे. अलीकडे, २०२० साली, सुशीलाबेन गांधी यांच्या प्रकरणात न्यायालयाने असेही म्हटले आहे की कोणतीही एक कसोटी सर्वत्र लागू पडत नाही. सर्व बाबी तराजूत घालून पारडे कोणीकडे झुकते ते पाहावे लागते.

तेव्हा आपल्या कार्यालयातील माणसाविषयी विचार करताना करारपत्राचा मथळा प्रथम बाजूला ठेवावा. तो रोज ठरल्या वेळी येतो काय, हजेरीपटावर त्याची सही होते काय, आज मी येत नाही, माझ्या भावाला पाठवितो, असे त्याला म्हणता येते काय, हत्यार आणि यंत्र कोणाचे, नुकसान झाले तर ते त्याचे की आपले, आणि हेच काम तो चार ठिकाणी करतो की त्याचा सारा चरितार्थ आपल्यावरच आहे, हे विचारावे. गावच्या पाणीपुरवठ्याच्या झडपा पहाटे उघडणारा आणि सायंकाळी बंद करणारा मनुष्य वर्षानुवर्षे प्रमाणकावर 'मजुरी' या सदराखाली पैसे घेतो. या प्रश्नांची उत्तरे त्याच्याविषयी दिली तर तो ठेकेदार कोणत्याच अर्थाने नाही हे सांगावयास न्यायाधीश लागत नाही.

करकपातीचा हिशेब

आता कराकडे वळू. येथे चूक झाली तर ती लगेच रुपयांत मोजता येते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा घेतो. जुन्या कायद्यात वेतनावरील कपात कलम १९२ खाली, ठेकेदाराच्या देयकावरील कपात कलम १९४-सी खाली आणि व्यावसायिक शुल्कावरील कपात कलम १९४-जे खाली होत असे. नव्या कायद्यात वेतनाची कपात कलम ३९२ मध्ये आणि इतर कपाती कलम ३९३ मधील कोष्टकांत एकत्र केल्या आहेत. कलमांचे आकडे बदलले तरी वेतन, ठेका आणि व्यावसायिक शुल्क हा मूळ भेद तसाच राहिला आहे.

तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापकाचे उदाहरण घेऊ, कारण येथे बसलेल्या शिक्षकांपैकी अनेकांना ते जवळचे वाटेल. समजा, ताशी ६०० रुपये या दराने तो महिन्यास ३६ तास शिकवितो आणि वर्षातील नऊ महिने त्याला काम मिळते. महिन्याचे २१,६०० आणि वर्षाचे १,९४,४०० रुपये झाले. महाविद्यालयाच्या लेखा विभागाने त्यास 'व्यावसायिक' मानले, तर वर्षाची रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेल्यामुळे (ही मर्यादा पूर्वी ३०,००० होती, ती १ एप्रिल २०२५ पासून वाढली) १० टक्के दराने १९,४४० रुपये कापले जातील. तोच मनुष्य सेवक मानला, तर कपात वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावरील सरासरी दराने करावयाची असते. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत पहिल्या ४ लाख रुपयांवर कर नाही, शिवाय वेतनधारकास ७५,००० रुपयांची ठोक वजावट आहे. दुसरे उत्पन्न नसल्यास त्याची कपात शून्य येते.

आता १९,४४० रुपये म्हणजे या माणसाचे जवळजवळ एका महिन्याचे उत्पन्न झाले. ते परत मिळू शकते, पण विवरणपत्र भरल्याशिवाय नाही. पुष्कळ जण ते भरीतच नाहीत. कर लागत नाही, मग विवरणपत्र कशाला, अशी त्यांची समजूत असते. बँकेच्या व्याजासाठी जसे 'माझे उत्पन्न करपात्र नाही' असे स्वयंघोषणापत्र देता येते, तसे ते ठेक्याच्या किंवा व्यावसायिक शुल्काच्या रकमेसाठी चालत नाही. त्यासाठी कर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र अगोदर आणावे लागते. हे प्रमाणपत्र आणण्याची तोशीस तासिकेवरचा प्राध्यापक घेईल अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही.

आणि मुळात ही १० टक्क्यांची कपात योग्य आहे काय? जुन्या कलम १९४-जे मध्ये 'व्यावसायिक सेवा' म्हणून ज्या व्यवसायांची नावे होती ती वकिली, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, जाहिरात आणि अधिसूचनेने जोडलेले काही व्यवसाय अशी होती. अध्यापन त्यांत नव्हते. संस्थेच्या वेळापत्रकाप्रमाणे येऊन, संस्थेचा अभ्यासक्रम शिकवून, संस्थेच्या परीक्षांवर पर्यवेक्षण करून, हजेरीपटावर सही करणारा अध्यापक हा माझ्या मते वेतनाच्या सदरात बसतो, मग त्याचा मोबदला तासावर मोजलेला असो. वर्षातून तीनदा पाहुणा म्हणून येऊन व्याख्यान देणाऱ्या विद्वानाची गोष्ट वेगळी. वैद्यकाच्या क्षेत्रात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली पुण्याच्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात रुग्णालयाशी करार केलेल्या सल्लागार डॉक्टरांना नोकर मानले नाही, हे खरे. तेथेही निर्णय झाला तो कराराच्या अटी आणि मिळणारे लाभ तपासून. त्या निवाड्याचे नाव घेऊन सरसकट सर्वांना सल्लागार ठरविण्याची जी सवय काही ठिकाणी दिसते, तिला त्या निवाड्यात आधार नाही.

व्यवसाय कराचेही तेच. महाराष्ट्राच्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे नोकरदाराचा कर मालकाने वेतनातून कापावयाचा असतो. महिना १०,००० रुपयांच्या वर वेतन असल्यास दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाचे २,५०० रुपये होतात. स्त्री कर्मचाऱ्यास १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक वेतनावर हा कर नाही. स्वतंत्र व्यावसायिकाने मात्र स्वतः नावनोंदणी करून कर भरावयाचा असतो. म्हणजे २१,६०० रुपये घेणारी अध्यापिका सेविका ठरली तर तिला व्यवसाय कर शून्य, आणि व्यावसायिक ठरली तर नोंदणीची जबाबदारी तिच्या शिरावर. एका शब्दाने एवढा फरक पडतो.

खऱ्या ठेकेदाराचा प्रकार सोपा आहे, म्हणून त्यावर फार वेळ घेत नाही. शाळेच्या छपराची दुरुस्ती गवंड्याने १,४०,००० रुपयांना अंगावर घेतली, माणसे त्याची, हत्यारे त्याची, नफा-तोटा त्याचा. एका देयकास ३०,००० किंवा वर्षात एकूण १,००,००० रुपयांची मर्यादा ओलांडली की व्यक्ती असल्यास १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी संस्था असल्यास २ टक्के कपात. या गवंड्याचे १,४०० रुपये कापले जातील. मात्र त्याने पॅन क्रमांक दिला नाही तर दर २० टक्के, म्हणजे २८,००० रुपये! छोट्या गावात ही गोष्ट विरळ नाही. कार्यारंभ आदेश देतानाच पॅन मागून घ्यावा, देयकाच्या वेळी नव्हे. कापलेली रक्कम मुदतीत भरली नाही तर दरमहा दीड टक्का व्याज आणि कपातीचे विवरण उशिरा गेले तर दिवसाला २०० रुपये शुल्क, हा भुर्दंड संस्थेच्या निधीतून जातो. बांधकाम मोठे असेल तर बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकरही आलाच. त्या उपकरातून उभ्या राहिलेल्या मंडळाकडे नोंदणी करण्यासाठी मजुराने मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागत आला आहे, आणि गावात तो दाखला ग्रामपंचायत अधिकारी देतात, ज्यांना आपण इतकी वर्षे ग्रामसेवक म्हणत आलो. हजेरीची वही नीट ठेवली नसेल तर हा दाखला कोणत्या आधारावर द्यावयाचा, हा प्रश्न मी आपल्यावरच सोपवितो.

मधला पुरवठादार

संगणक परिचालक, पहारेकरी, सफाई कामगार, वाहनचालक अशी माणसे आता पुरवठादार संस्थेमार्फत घेतली जातात. येथे कार्यालयाचा करार संस्थेशी असतो. संस्थेच्या देयकावर ठेक्याच्या दराने प्राप्तिकराची कपात होते. वस्तू व सेवा कर देयकात वेगळा दाखविला असेल तर तो वगळून उरलेल्या रकमेवर ती करावयाची. कराराचे मूल्य अडीच लाखांच्या वर असल्यास शासकीय विभागाने व स्थानिक संस्थेने वस्तू व सेवा कराखालीही २ टक्के कपात करावयाची असते. संस्थेकडे काम करणारा मनुष्य हा तिचा वेतनधारी असतो, त्याची वेतनावरील कपात संस्थेने करावयाची.

एवढे करून कार्यालय मोकळे झाले असे मात्र समजू नये. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकावर, म्हणजे आपल्यावर, एक जबाबदारी टाकली होती. ठेकेदाराने वेतन बुडविले तर ते मूळ मालकाने द्यावे आणि ठेकेदाराकडून वसूल करावे, अशी ती होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अंमलात आल्या आणि तो कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत विलीन झाला. वेतनाची ही जबाबदारी तेथेही कायम आहे. या संहितेच्या कंत्राटी कामगारांच्या प्रकरणासाठी ५० कामगारांची मर्यादा आहे आणि आस्थापनेच्या गाभ्याच्या कामावर कंत्राटी कामगार लावण्यास, काही अपवाद सोडून, मनाई आहे. शासकीय कार्यालये एरवी या संहितेच्या बाहेर आहेत. परंतु त्या कार्यालयांत ठेकेदारामार्फत लावलेला कामगार बाहेर नाही, ही तरतूद आपल्यापैकी किती जणांनी वाचली आहे? एका कामगाराच्या नावावर देयकात दाखविलेली रक्कम आणि त्याच्या बँक खात्यात जमा झालेली रक्कम यांत तफावत असेल तर त्याकडे काणाडोळा करणारा अधिकारी स्वतःच्या कार्यालयावर देणे चढवीत असतो. पुरवठादाराचे मागील महिन्याचे भविष्य निर्वाह निधीचे व कर्मचारी राज्य विम्याचे चलन, तेही माणसांच्या नावांच्या यादीसह, पाहिल्याशिवाय पुढील देयक मंजूर करू नये. 'चलन जोडले आहे' एवढा शेरा पुरेसा नाही. चलनातील नावे आणि आपल्याकडे रोज येणारी माणसे तीच आहेत काय, हे पाहावे लागते.

अपघाताच्या बाबतीतही हीच स्थिती आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या व्याख्येतून नैमित्तिक कामगार वगळले गेले होते. २००० सालच्या दुरुस्तीने तो अपवाद काढून टाकला. ठेकेदाराच्या माणसास मूळ मालकाच्या कामावर इजा झाली तर वारसांना मूळ मालकाकडे दाद मागता येते, आणि मूळ मालकाने ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करावयाची. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही रचना आहे. जलकुंभावर चढलेला मजूर पडला तर 'तो आमचा नव्हे, ठेकेदाराचा' हे उत्तर कायद्याला मान्य नाही.

मग तो कायम झाला काय?

येथे नेहमी एक गैरसमज होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. एखाद्याला नोकर म्हटले, त्याच्या वेतनातून निधी कापला, तर तो उद्या कायम होण्याचा दावा करील या भीतीने त्याला ठेकेदार म्हणण्याकडे कल होतो. आणि निधी कापला म्हणजे आपण कायम झालो, असे कर्मचाऱ्यासही वाटते. वास्तविक हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या २००६ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक नोकरीत रीतसर निवडीवाचून आलेल्या तात्पुरत्या माणसास केवळ दीर्घ सेवेच्या आधारे कायम होण्याचा हक्क नाही. दहा वर्षांहून अधिक काळ मंजूर पदावर काम केलेल्यांसाठी एकवेळची सवलत तेवढी ठेवली. परंतु याच न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या जगजितसिंग प्रकरणात तात्पुरत्या माणसास समान कामासाठी नियमित वेतनश्रेणीचे किमान वेतन देऊ केले, २०२० साली पवन हंसच्या मुंबईतील कंत्राटी कर्मचाऱ्यांना भविष्य निर्वाह निधीचा लाभ दिला, आणि २०२२ साली गुजरातच्या अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात त्यांचे मानधन हे वेतनच असून त्या उपदानास पात्र आहेत असे ठरविले. त्याच अंगणवाडी सेविका नागरी सेवेतील पद धारण करीत नाहीत, हेही पूर्वी, २००६ साली, ठरले होते. एकच स्त्री उपदानाच्या कायद्याखाली कर्मचारी आहे आणि सेवानियमांखाली नाही. विडी कामगारांच्या वेळी जो मुद्दा आला तो हाच.

उमादेवीचा निवाडा आपल्याकडे ढालीसारखा पुढे केला जातो, म्हणून एक गोष्ट सांगतो. माणसास वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून ठेवून कायमपणाच्या लाभांपासून वंचित करणे ही अनुचित कामगार प्रथा होय, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याच्या अनुसूचीत म्हटले आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्या साफ करणाऱ्या नैमित्तिक कामगारांच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उमादेवीच्या निवाड्यामुळे या कायद्याखालील औद्योगिक न्यायालयाचे अधिकार नाहीसे होत नाहीत. तेव्हा अकरा महिने झाले की एक दिवसाचा तांत्रिक खंड द्यावा आणि पुन्हा नवा आदेश काढावा, ही जी पद्धत रूढ आहे, तिच्यामुळे संरक्षण मिळते ही समजूत सोडून द्यावी. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो विरुद्ध भारत संघ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शासकीय संस्थांनी कायम स्वरूपाची कामे तात्पुरत्या करारांखाली करून घेण्याच्या प्रवृत्तीवर कठोर शब्दांत टीका केली आहे.

ठराविक मुदतीच्या नेमणुकीचा मार्ग आता खुला आहे, हेही सांगितले पाहिजे. काम खरोखरच दोन वर्षांचे असेल तर दोन वर्षांचे नियुक्तिपत्र द्यावे, त्यात वेतन, तास आणि रजा लिहाव्यात. सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे अशा कर्मचाऱ्यास पाच वर्षांची वाट न पाहता एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान मिळते, आणि मुदत संपली की करार संपतो. प्राप्तिकरासाठी तो वेतनधारी, निधीसाठी सभासद, आणि कायम नव्हे. तिन्ही प्रश्नांची तीन सरळ उत्तरे एका कागदावर येतात.

शेवटी, मागील वर्षांची व्यवस्था चुकीची असल्याचे आढळले तर काय करावे, असा प्रश्न या वर्गात कालही विचारला गेला. पुढील महिन्यापासून ती सुधारावी हे उघड आहे. परंतु मागील देणे आपोआप पुसले जात नाही. वीसहून अधिक कर्मचारी असलेल्या एखाद्या खासगी शिक्षणसंस्थेने दरमहा १२,००० रुपयांवर काम करणाऱ्या लिपिकाला तीन वर्षे 'सल्लागार' म्हणून दाखविले असे समजा. तीन वर्षांचे वेतन ४,३२,००० रुपये. त्यावर मालकाचा १२ टक्के हिस्सा ५१,८४० आणि कर्मचाऱ्याचाही तेवढाच. निधीच्या १९५२ च्या योजनेप्रमाणे कर्मचाऱ्याचा हिस्सा त्या त्या महिन्याच्या वेतनातूनच कापावयाचा असतो. जाणूनबुजून न कापलेला हिस्सा नंतर त्याच्या पगारातून वसूल करता येत नाही. म्हणून दोन्ही मिळून १,०३,६८० रुपये संस्थेने भरावयाचे, त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर नुकसानभरपाई वेगळी. लिपिकाला जर दर महिन्यास नियमाप्रमाणे कपात करून वेतन दिले असते, तर संस्थेला महिन्याला १,४४० रुपये आणि प्रशासन शुल्काची किरकोळ रक्कम एवढाच खर्च आला असता. असे प्रकरण हाती असेल तर तपासनीस येण्याची वाट न पाहता संस्थेने नावांची, वेतनाची आणि दिनांकांची यादी स्वतः करून संबंधित निधी कार्यालयाकडे जावे, आणि ज्या लिपिकाचा हा पैसा आहे त्याला त्या यादीची एक प्रत द्यावी.